गुरुवारची रेघ

भोसरीत गुरुवारी सुट्टी.
शटरं खाली, चहाची टपरी अर्धी उघडी,
एरवी टेम्पो जिथे हॉर्न मारतात
तिथे रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपलेली.

आणि माझ्या पडद्यावर
गुरुवारची रेघ शून्यावर येत नाही.

येते खाली, खूप खाली,
भट्टी बंद झाल्यावर यावी तशी,
पण जमिनीपासून बोटभर वर थांबते
आणि रात्रभर तशीच चालत राहते,
उशिरा घरी आलेल्या माणसासारखी,
टाचा न टेकवता.

अकरा किलोवॅट.
वर्षाचे सगळे गुरुवार मी एकाखाली एक मांडले.
दिवाळीच्या आठवड्यातही अकरा.
मालक म्हणाले, "मीटर खोटा असेल, मॅडम.
आत चिटपाखरू नसतं. कुलूप मी स्वतः लावतो."

म्हणून मी गुरुवारीच गेले.
सोबत खळदकर, हवेच्या लाइनचे फिटर,
एकतीस वर्षं नोकरी, डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
त्यांनी कुलूप काढलं, चपला दाराशीच ठेवल्या,
म्हणाले, "आता बोलू नका."

आधी काहीच नाही.
मग तापल्या पत्र्याचा एक कट्.
आढ्यावर कबुतर.
मग मोल्डिंगच्या बाजूने बारीक
स्स्स्
आणि एकदा कानात बसल्यावर सगळीकडून,
जणू अख्खी फाउंड्री दातांतून श्वास घेतेय.
मध्येच कॉम्प्रेसर दचकून उठायचा,
टाकी भरायचा, गप्प व्हायचा,
आणि भरलेली हवा परत निघून जायची
कुणाचंही काम न करता.

साबणाचं पाणी, रंगाचा जुना ब्रश.
जोडाजोडावर फुगे आले.
तेरा मोजले.
चौदाव्याला त्यांनी ब्रश लावलाच नाही,
सरळ कोअर मशीनच्या मागे हात घातला.
तिथे भिंतीवर खडूने तारखा होत्या,
एकीवर एक, काही पुसट, काही तेलकट.
"ह्या कधीच्या?"
"तुमचा मीटर बसायच्या आधीच्या."
"कुणाला सांगितलं नाहीत?"
"सांगितलं की. साहेब म्हणाले,
हवेला काय पैसे पडतात, खळदकर?"

हवेला कोळसा पडतो.
दर गुरुवारी दोनशे साठ-पासष्ट युनिट,
युनिटमागे धरा पाऊण किलो कार्बन,
म्हणजे कुठल्याशा लांबच्या चिमणीतून
दोनशे किलो,
एकही कास्टिंग न ओतता.
गुणाकार मी तिथेच मोबाईलवर केला.
खळदकरांनी आकडा पाहिला, चष्मा वर करून परत पाहिला,
आणि खिशातून टेफ्लॉनची टेप काढली.

अहवालात एक रकाना असतो: माहितीचा स्रोत.
मी लिहिलं, मीटर क्रमांक चार.
मग त्याच्या वर, जागा करून: खडू.

पुढच्या गुरुवारी रेघ दोनवर आली.
दोन. शून्य नाही.
मी वेगवेगळ्या तासांनी चाळून पाहतेय,
तेवढ्यात त्यांचाच फोन:
"मॅडम, ते दोन कशाचे, मला वाटतं कळलंय.
पण बघायला रात्री यावं लागेल."