वडगावातली घटपर्णी

जिथं माग होता त्या खोलीत
आता चार पांढऱ्या ट्यूबा, एक टायमर
आणि घटपर्णी.

नळाचं पाणी चालत नाही तिला.
इरण्णाच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणतो.
"गाडी तर एकच हाय की तुजी,"
म्हणतो तो, आणि कॅन पुढं सरकवतो.

खत घातलं की नुसती पानं काढते.
उपाशी ठेवली तर घागर धरते.
हे शकूला सांगितलं नाही.

परवा लाईट गेली. मोबाइलच्या उजेडात
काठावर एक मुंगी,
चाटत चाटत खाली.
बोट पुढं केलं. मग मागं घेतलं.

आठवड्यानं घागरीत वाकून बघितलं.
मुंगी विरत आलेली.
शेजारी, वाशावरनं कधी पडला कोण जाणे,
जरीचा एक धागा,
तसाच.