घाट बंद आहे

दुधाची गाडी साडेसहाला रिकामी परतते.
रिकाम्या कॅनांमध्ये आमच्या दोन सायकली आडव्या,
एकमेकींच्या पॅडलात पाय अडकवून.
कामठी गेली, कन्हानचा पूल गेला,
कॅन काहीबाही बोलत राहिले
आणि बेबीताई खोब्रागडे, मेयोतली रात्रपाळी संपवून आलेली,
त्या खणखणाटात तोंड उघडं टाकून झोपली.

मनसरच्या पुढे ड्रायव्हरनं उतरवलं.
"घाट बंद हाय ना बाई. एक तारखेले उघडते."
माहीत आहे, म्हटलं.
म्हणून तर आलो.

फाट्यापासून सात किलोमीटर सपाट.
मग बांबू आडवा, त्याला लाल फडकं,
आणि पाटी : सर्व वाहनांस प्रवेश बंद.
खुर्चीवर वनखात्याचे उईके, पायात एकच चप्पल.
दुसरी कुत्र्यानं नेली की रानमांजरानं,
याच विचारात बसलेले.
त्यांनी सायकलींकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं,
मग पाटीकडे, जणू आजच वाचत होते.
"याले वाहन म्हणतेत का?"
मी एकवीस वर्षं व्याकरण शिकवते.
वाहून नेतं ते वाहन, म्हटलं.
"मंग चढावर तर आपणच याले वाहून नेतो,"
बेबीताई म्हणाली.

बांबू वर गेला.

बंद रस्ता आधी कानांना कळतो.
ट्रक नाही, तर साखळीचा एक दात झिजलाय हे ऐकू येतं,
पाण्याच्या बाटलीतलं पाणी ऐकू येतं,
आणि आपण किती धापा टाकतो, तेही. नको असताना.
मधल्या पांढऱ्या रेघेवर तेरडा उगवलेला, गुलाबी,
रेघ सोडून कुठेच नाही.
वळणावर लिहिलंय, हॉर्न वाजवा.
मी घंटी वाजवली.
डांबरावर ऊन खात बसलेल्या तीन वानरांपैकी एक
सरकलं. हातभर. तेवढंच.

पाचव्या वळणावर रस्ता नव्हता.
अर्धा ऑगस्टमध्ये खाली नाल्यात गेलेला.
डांबराचा एक तुकडा रेघेसकट
सागाच्या बुंध्याला टेकून उभा,
बस चुकलेल्या माणसासारखा.
बेबीताईनं सायकल खांद्यावर घेतली.
"कमरेतून नाई, मांड्यातून उचल.
पेशंट असाच उचलतेत."
मी मांड्यांतून उचलली.
"गुडघा?"
आहे, म्हटलं.
डॉक्टरांनी चढ टाळायला सांगितलंय,
हे तिला माहीत होतं. ओपीडीचा नंबर तिनंच लावला होता.

माथ्यावर, सोनपाटाची वाट सुरू होते तिथे,
वाट नव्हती.
गवत होतं, माझ्याहून उंच,
आणि दगडावर मागच्या वर्षीचा पिवळा बाण
सरळ त्या गवतात शिरलेला.
सायकली एकमेकींना कुलूप लावून ठेवल्या,
कोण नेणार होतं कोण जाणे.
दर चार पावलांवर कोळ्याचं जाळं, नेमकं तोंडाच्या उंचीवर,
थेंबांनी जड.
पहिलं मी तोंडानंच तोडलं.
दुसऱ्यापासून बेबीताई वाकून गेली,
मीही. गुडघा कुरकुरला, तरी वाकला.
बारा जाळी मोजली. मग मोजणं राहिलं.

तिसऱ्या बाणापाशी गवतात काहीतरी हललं,
जड, सावकाश, आमच्यापेक्षा ओळखीच्या चालीनं.
आम्ही थांबलो. तेही थांबलं.
बराच वेळ कुणी कुणाचं नाव विचारलं नाही.
"रानडुक्कर," बेबीताई ओठांनी म्हणाली,
आणि रात्री वॉर्डात निघतात तशी
पाय न वाजवता मागे वळली.

शिखर वरच राहिलं.
बाकावरचं शेवाळ पुसून पोळी खाल्ली, जवसाची चटणी,
हातांना ब्रेकच्या रबराचा वास.

उतरताना पॅडल एकदाही मारावं लागलं नाही.
खाली उईकेंच्या दोन्ही पायांत चप्पल होती.
कुठं सापडली ते त्यांनी सांगितलं नाही,
नोंदवही पुढे केली.
वाहन क्रमांकाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली.
"येण्याचं कारण?"
मी शब्द शोधत होते.
"लिवा," बेबीताई म्हणाली, "सहजच."

सोमवारी आठवी ब. फळ्यावर समास.
मोज्यात अजून कुसळ टोचतंय,
काढलेलं नाही.