सव्वातीन, साडेतीन

मिरज रोडला दस्तगीर मुजावरच्या दुकानापुढं
अण्णांची जावा विटांवर उभी.
छोट्या हत्तीतून आणली, दोरखंडानं आवळून,
माझ्या ओढणीला वीस वर्षांचं ग्रीस.

कितीचा घालू, तो विचारतो.
कितीचा म्हणजे? होता तोच.

तो रिमवर रॉकेलचं फडकं फिरवतो,
गंजाखालून आकडे वर येतात,
ओल्या पाटीवर पुसलेली उजळणी दिसावी तसे.
"कंपनीचा हुकूम सव्वातीन-सोळा.
पुढं तेच, मागं तेच.
अण्णांनी मागं साडेतीनचा चढवला होता.
बघ की, आत घासलाय."

मोबाईलची बॅटरी मारली.
मडगार्डच्या पोटात रबराचा काळा पट्टा,
चुलीवरच्या पातेल्याला धरतो तसा.

साडेतीन का, ते त्यालाही ठाऊक, मलाही.
सांगलीत सहाचा खेळ, तासगावला सातचा,
आणि पिक्चरची प्रिंट एकच.
कॅरिअरला पत्र्याचे डबे बांधून
माधवनगरचं फाटक, बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद.
इकडे हिरॉईन विधवा झालेली असायची,
अण्णा कवलापुरात,
आणि तिकडे तिची अजून त्याच्याशी ओळख व्हायची होती.
फाटक पडलं की
तासगावच्या अंधारात शिट्ट्या.
डब्यांखाली सव्वातीनचा टायर बसायचा, पोटातून,
लग्नातल्या जेवणानंतर माणूस बसतो तसा.
म्हणून साडेतीन.

माझ्या पर्समध्ये त्यांची वही.
तारीख, रिळं, किलोमीटर.
मालक किलोमीटरला आठ आणे द्यायचा,
म्हणून अक्षर नीट.
शेवटच्या पानावर एकसष्ट हजार चारशे,
खाली दोन रेघा.

दस्तगीर वही चाळतो, मग थांबतो.
"ताई, हिशोब चुकलाय."
अण्णांचा?
"अण्णांचा न्हाय, मीटरचा.
ह्याचं मीटर गिअरबॉक्सवरनं चालतंय.
त्याला काय कळणार मागं चाक केवढं हाय?
चाक मोठं झालं, मीटर कमी सांगणार.
शंभरामागं दोन धर."

बिलबुकाच्या पाठीवर त्यानंच मांडलं.
बाराशे अठ्ठावीस.
बाराशे अठ्ठावीस किलोमीटर अण्णा गेले
आणि कुठंच लिहिले गेले नाहीत.
आठ आण्यांनी सहाशे चौदा रुपये.
मालक गेला. टॉकीजचं मंगल कार्यालय झालं,
परवाच तिथं मठ्ठा प्याले.

आईला फोन लावला.
ती म्हणाली, "तरीच."
तरीच काय?
"घरी यायला उशीर व्हायचा तो."
अगं, किलोमीटर वाढले, तास नाही वाढले.
"तुला काय कळतंय," म्हणाली,
आणि कुकर झाला म्हणून ठेवून दिला.

दोन्ही टायर समोर भिंतीला टेकलेले.
नव्या रबराचा वास, खोबणीत अजून केसासारखी टोकं.
पाव इंचाचा फरक. डोळ्यांना दिसतही नाही,
हाताला कळतो.
मी साडेतीनवर हात ठेवून बराच वेळ उभी.
दस्तगीरनं घाई केली नाही.
चहा आला, त्यानं माझा बशीत ओतून गार केला,
लहानपणी करायचा तसा.

"मागं कोण बसणार हाय?"
कुणी नाही.
"मग?"
मग सव्वातीन.

साबणाचं पाणी, टाल्कम, दोन पान्हे.
गुडघा रिमवर देऊन त्यानं शेवटची कड आत ढकलली
तेव्हा मोठा आवाज झाला, कुत्रं उठून गेलं.
मागं हवा बावीस घातली.
चाक हातानं फिरवून पाहिलं:
काळा पट्टा तसाच वर,
टायर त्याच्या खालून जातो, शिवत नाही.

मीटर शून्यावर करू का, त्यानं विचारलं.
नको म्हटलं.
आजपासून ते खरं बोलेल.
मागचे बाराशे अठ्ठावीस
मी धरून चालते.