सामाईक कपाट

रुवीच्या आवारात देवळं चार, कपाट एक.
चावी वॉचमनकडे.

"नव्या पाद्र्यानं काय वाचावं?"
मी नगरचा प्रॉटेस्टंट, येऊन आठवडा झालेला;
फादर रुमाव वसईचे.
त्यांनी कृपेवरचा जाडा ग्रंथ काढला,
बांधणीत वाळू.

समासात कॉप्टिक अबूनांची पेन्सिल,
मार थोमा अच्चनची हिरवी शाई,
दोघांचं भांडण पान दोनशेपर्यंत.
मग एका ओळीखाली दोघांच्याही रेघा
आणि बाजूला मराठीत, बारीक:
"हे कॅम्पात सांगता येईल का?"

"अक्षर तुमचं?"
फादर एसीखालची बादली ओतायला उठले.
"शुक्रवारी चल," म्हणाले,
"पुस्तक राहू दे.
बूट घाल, तिथे खिळे पडलेले असतात."