गीझर बंद ठेवायचे दिवस

मे लागला की आम्ही गीझर बंद करतो.
सोहारला उलटंच असतं:
गार पाण्याचा नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं
चहाला ठेवल्यासारखं पाणी,
आणि गरमच्या नळाला, बंद गीझरमधून,
रात्रभर सावलीत निवलेलं, बरं.
पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नाही.
तोंड पोळून घेतलं,
वर कपड्यांचा साबण.

पहाटे साडेचार. सहाजणांत एक आरसा,
माझी पाळी सात मिनिटं.
वाटाण्याएवढा फेसवॉश, बोटांच्या टोकांनी, हलकेच,
कारण फार्मसीतली लिजी म्हणाली होती,
घासायचं नाही, तवा आहे का तो?
बोलली ती तिच्या मल्याळी हिंदीत,
मला ऐकू आलं आमच्या मोरीतलं मराठी.

मग टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं.
हा फरक शिकायला सव्वीस वर्षं गेली.
मग क्रीम. तेलकट तोंडाला आणखी क्रीम कशाला,
हे मीही विचारलं होतं.
रात्रीचं औषध कोरडं पाडतं, म्हणून.
मग उन्हाचं, दोन बोटं भरून,
जे साडेनऊला घामाबरोबर डोळ्यांत उतरतं
आणि कंटेनरवर सळ्या आवळताना
मी उगाच रडल्यासारखा दिसतो.
फोरमन दोनदा विचारून गेला, घरी सगळं ठीक ना.

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसतो
बरोब्बर तिथं रांग. लाल, ठणकणारी.
नख आपोआप तिकडं जातं.
हात खिशात घालतो.
पट्टा सोडवून धुवावा, हे
सेफ्टीच्या कुठल्याच तासाला शिकवत नाहीत.

औषधानं उशीचा निळा अभ्रा जागोजाग विटलाय.
ज्या कुशीवर जास्त झोपतो ती बाजू जास्त.

आईनं येणाऱ्याच्या हाती मुलतानी माती पाठवली
आणि घाण्याचं खोबरेल, तीन पिशव्यांत बांधून.
माती तशीच आहे.
तेल डोक्याला लावत नाही, कपाळावर ओघळतं,
टाचांना लावतो.
तिला सांगू नका.

व्हिडिओत एक बटण असतं, गाल गुळगुळीत करणारं.
मी दाबलं होतं.
आई म्हणाली, अरे फोन पूस, पिठात लोळल्यासारखा दिसतोयस.
बटण काढलं.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग, जरा उजेडात ये. उजवा गाल. हं.
बसतायत.

परकारचाचांचा चेहरा म्हणजे
टाकी लावून ठेवलेलं जातं.
तरुणपणी सगळ्या नखानं फोडल्या, म्हणतात,
ट्रेलरच्या आरशात बघून, सिग्नल सुटेपर्यंत.
रोज माझी चेष्टा:
काय रे, बघायला येतायत काय तुला?

तेहतीस वर्षांनी ते फायनल मारून निघाले.
आदल्या रात्री खोके दोरीनं आवळून झाले,
वर नाव लिहिलं, दापोली लिहिलं,
आणि मोरीचं दार वाजलं.
जरा ते दे. उन्हाचं.
चाचा, रात्रीचे अकरा वाजलेत.
ठाऊक हाय. नातवंडं एअरपोर्टावर फोटो काढतील.

रात्रीचं ऊन अडवायला
मी दोन बोटं भरून दिलं.
ते ताट घासल्यासारखे घासू लागले.
म्हटलं, थांबा. डोळे मिटा.
कपाळ, नाक, मग ते गाल.
माझं बोट खळग्याखळग्यांत
उतरत गेलं, चढत गेलं.
स्वतःच्या तोंडाला इतका वेळ मी कधी दिला नाही.
बाहेर रांगेतला कुणीतरी खाकरला.

थोडं पांढरं आत राहिलंच.
धुवायचं काय आता? मिटल्या डोळ्यांनी त्यांनी विचारलं.
नाही चाचा.
मुरू दे.