हे छिद्र झाकू नका

फेर्मिन चुकिमियानं लॅपटॉप आणला तो
पोंचोत गुंडाळून, आजारी कोकरू आणावं तसा.
"परवा निळा पडला. काल काळा.
आज नुसतं टकटक करतोय."
मी कान लावला.
टक. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.
"किती वेळा चालू करून पाहिलास?"
"वीस," म्हणाला. आणि जरा थांबून, "तीस."

एल आल्तोच्या माझ्या टपरीत
अशा डिस्क नेहमीच येतात.
आत चकती गरगरते, तिच्यावर एक सुई,
चकतीला न टेकता,
हवेच्या पापुद्र्यावर तरंगणारी.
हवा विरळ झाली की सुई खाली येते
आणि ओरखडा उठतो.
कंपनी लिहूनच देते : तीन हजार मीटरपर्यंत.
आम्ही त्याच्याही हजार मीटर वर
लग्नं लावतो, कर्जं काढतो,
नव्वद मिनिटं फुटबॉल खेळतो.
आम्हाला कुणी काही लिहून दिलेलं नाही.

डिस्क काढली. झाकणावर टाचणीएवढं भोक,
शेजारी बाण, आणि सूचना : हे छिद्र झाकू नका.
"हे कशाला?"
"श्वास घ्यायला."
फेर्मिननं बोट चटकन मागं घेतलं.

बेचाळीस घागऱ्यांची नक्षी होती आत.
नाचाला एकोणीस दिवस.
भरतकामाचं यंत्र फाईल वाचतं, फाईल नसेल तर
ते नुसतं लोखंड.
"दुसरीकडे ठेवलं होतंस का?"
"ठेवणार होतो."
नऊ वर्षं हेच उत्तर ऐकतेय मी,
एक रबरी शिक्का करून घेतला असता तरी चाललं असतं.

मग ठरवलं, हिला खाली न्यायची.
लोकरी मोज्यात डिस्क, मांडीवर मोजा,
कोरोइकोची मिनीबस.
आधी रस्ता आणखी वर चढतो, बर्फापाशी,
तिथं उगाच मीच श्वास धरून बसले.
मग उतार, धुकं, कानांत दडे,
आणि अचानक केळीची पानं,
ओल्या मातीचा वास, हवा अशी दाट
की चमच्यानं खावी.

हुस्ता मावशीच्या खानावळीत
फ्रीजच्या मागच्या प्लगला माझं जुनं यंत्र जोडलं.
पेनड्राइव्हवरनं चालू केलं. डिस्क लावली.
टक झालं नाही.
प्रोग्रॅम शहाणा : सोपं ते आधी उचल,
अडलं तिथं हटून बसू नकोस,
पुढे जा, मग परत ये.
(माझ्या दोन्ही नवऱ्यांना हे जमलं नाही.)
रात्रभर देव पाण्यात घालून बसले.
मावशीनं कॉफी दिली, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा म्हणाली, "जिवंत आहे ना कुणी त्यात?"
पहाटे शहाण्णव टक्क्यांवर
सुई एकदा करकरली आणि निजली.
पुन्हा उठली नाही.

सदतीस नक्ष्या आल्या. पाच गेल्या.
फोनवर फेर्मिन इतका वेळ गप्प
की मला वाटलं, लाईन कटली.
मग म्हणाला, "पण त्या मी शिवल्यात की.
गेल्या साली. बायका घालून नाचल्यात."

दारोदार हिंडलो आम्ही.
बासिलिया बाईंनी पेटी उघडली,
डांबरगोळ्यांचा वास, पलंगभर पसरलेला घागरा,
आणि फेर्मिन गुडघ्यांवर,
नखानं एकेक टाका मोजत,
ओठ हलवत.
असे तीन मिळाले.
चौथा इस्त्रीनं जळाला होता,
पाचवा ब्वेनोस आयरेसला, मालकिणीसोबत;
तिनं फोटो पाठवला, तोही हललेला.

नवी डिस्क बसवून दिली, न फिरणारी.
त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली.
"हिला भोक नाही?"
"हिच्या आत काही हलतच नाही. हवा लागत नाही."
मान डोलावली, पैसे दिले, अर्धे.
लॅपटॉप पिशवीत घातला,
पिशवीला गाठ मारली,
आणि दारातून परत वळून
ती थोडी सैल केली.