वजा रोकड

शिरोलीच्या फौंड्रीत मी एकवीस वर्षं वह्या लिहिते.
लोखंड किती आलं, किती वितळलं,
किती जळालं, किती परत भट्टीत.
परवा पुण्याहून इंद्रजित आला, म्हणाला,
"आत्ती, कंपनीची खरी किंमत कशी काढतात, सांगू?"
मी चष्मा पुसला. नको म्हटलं नाही.

कंपनी म्हणजे ती, मोठी,
तोफा करणारी,
जिच्या गेटवर आमचा टेम्पो अडीच तास थांबतो
आणि आप्पासोला मोबाईल जमा करावा लागतो.

शेअरचा भाव गुणिले शेअर,
ही बाजारानं लावलेली बोली.
त्यात कर्ज मिळव.
"का मिळवायचं?"
"राजारामपुरीतला फ्लॅट बोज्यासकट घेतला
तर हप्ते कुणी भरायचे?"
घेणाऱ्यानं.
"मग तेही किमतीतच."
आणि कपाटात रोकड निघाली तर ती वजा,
तेवढं घर स्वस्त पडलं.

पटलं मला.
मार्केट यार्डात गुळाचा रवा तोलतात
बारदान वजा करून, तसंच काहीसं,
फक्त इथलं बारदान नोटांचं.

त्यानं लॅपटॉप वळवला.
सगळं कोटींत. मी रोकडीवर बोट ठेवलं.
एवढी? आणि कर्ज जवळजवळ नाहीच?
"संरक्षणवाल्यांचं असंच असतं.
सरकार आगाऊ देतं, माल चार-पाच वर्षांनी."

म्हणजे हे पैसे अजून तिचे नव्हेत,
न ओतलेल्या तोफांचे आहेत.
लग्नाची इसार घेतलेला आचारी
तांदूळ आणेपर्यंत श्रीमंतच दिसतो.
इंद्रजित हसला,
पण पेन काढून काहीतरी टिपून घेतलं.

"आणि देणी? लहान पुरवठादारांची?"
"ती खेळत्या भांडवलात जातात, आत्ती.
यात नाही धरत."

यात नाही धरत.

माझ्या वहीत पान अठ्ठेचाळीस.
बिल तीनशे बारा, एकोणीस जानेवारी,
ब्रॅकेटचे दोनशे साठ नग, तपासून पास,
एकोणीस लाख चाळीस हजार.
मुदत पंचेचाळीस दिवस.
आज ऑगस्टची नऊ.
त्यापायी मगदूम मालकांनी बँकेत सीसी वाढवून घेतली,
तिचं व्याज मीच मांडते महिनाअखेरीला,
आणि दस्तगीर मुल्लाणीचा ओव्हरटाइम
पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.
चौदाशे अंशाच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस
खिडकीशी येऊन नुसतं विचारतो,
"अक्का, काय हालचाल?"
नाही म्हटलं की, "चालतंय की."

मग मी मांडून बघितलं, बोटांवर.
आम्हाला दिले नाहीत म्हणून ते पैसे तिच्या बँकेत राहिले,
राहिले म्हणून रोकड झाली,
रोकड म्हणून वजा झाली,
वजा झाली म्हणून कंपनी स्वस्त दिसली,
स्वस्त दिसली म्हणून तुझ्यासारख्या कुणी
"घ्या" असं लिहिलं,
आणि भाव चढला.
बरोबर आहे का रे?

तो बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला.
"बरोबर आहे," म्हणाला,
"पण एकोणीस लाख म्हणजे शून्य पूर्णांक एकोणीस कोटी.
आम्ही पूर्ण कोटीच लिहितो.
उडतात ते."

ऑफिसच्या दाराला एक ब्रॅकेट टेकवलाय.
दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एक्स-रेत सापडला,
पोटात हवेचा बुडबुडा, मुगाएवढा.
आख्खा लॉट परत आला होता.
मुगाएवढा. त्यांना दिसला होता.

निघताना इंद्रजितनं तो उचलून बघितला,
दोन्ही हातांनी,
आणि त्याच्या मागं दार धाडकन लागलं.
"लई जड आहे गं."

चौदा किलो सहाशे.
वहीत आहे.